रकाना चौऱ्याहत्तर

मागच्या सीटच्या स्प्रिंगांत हात घातला
तेव्हा आधी लागलं उंदराचं घरटं,
मग एक बटण, मग सुकलेली ब्ल्यूबेरी की लेंडी, देव जाणे,
आणि मग तो कागद.

पासष्ट सालचा. उलगडताना पापडासारखा मोडायला लागला,
म्हणून बायकोचा भुवयांचा चिमटा आणला
आणि श्वास रोखून
जेवणाच्या टेबलावर काचेखाली पसरला.
उजवा कोपरा उंदरांच्या पोटात.
उरलं ते सगळं आकड्यांत:
कारखान्यातल्या कुणा माणसाने
पट्ट्यावर पुढे उभ्या असलेल्या माणसाला केलेल्या खुणा.
त्या मला कळाव्यात असं कुणाच्याच मनात नव्हतं.

अडीच महिने आकडे लावत बसलो.
डेट्रॉइटहून मायक्रोफिल्म,
ओहायोतल्या एका म्हाताऱ्याकडून डीलरांची जाडजूड वही
(टपालखर्च माझा, वर त्याच्या गुडघ्यांची हकिगत).
इंजिन, सहा सिलिंडर. गिअर हाताचे, तीन.
रंग वाळूचा. दोन वर्षं मी तिला जन्माची लाल समजत होतो.
काचा निळसर, चारही बाजूंना, उन्हासाठी, जादा पैसे भरून.
आणि रकाना चौऱ्याहत्तर:
हीटर नको.

भिंग घेऊन पाहिलं. पुन्हा पाहिलं.
हे हिबिंग आहे, मिनेसोटा.
इथे जानेवारीत खाणीतले डंपर रात्रभर घुरघुरत ठेवतात,
एकदा झोपला तर मार्चशिवाय उठायचा नाही म्हणून.
इथे हीटर नको म्हणणारा
एक तर चिकट, नाही तर ठार वेडा.

पण चिकट माणूस काचांना पैसे मोजत नाही.

लेम्पी साल्मेला, वय एक्क्याऐंशी,
तळ्याकाठच्या वृद्धाश्रमात, खोली नऊ.
बुटांच्या खोक्यातून तिने ऑर्डरची कार्बन प्रत काढली,
जांभळी, जवळजवळ पुसलेली.
खाली तिच्या बापाचं अक्षर, टोकदार, कुदळीने खोदल्यासारखं:
‘गाडी मी स्वतः चालवत नेणार. टक्सन, ॲरिझोना.’

“इसाला वाळवंट हवं होतं,” ती म्हणाली.
“नकाशा सौनाच्या दारावर लावलेला. वाफेने त्याचे पोपडे निघाले.
घराला गिऱ्हाईक आलं, भांडी खोक्यांत गेली,
ऑक्टोबरात गाडी आली,
आणि आईने विचारलं,
तिथे तळं आहे का?”

“मग?”

“मग काय. भांडी परत फळीवर.”

तीन हिवाळे तो त्या गाडीतून खाणीवर गेला,
मांडीवर घोंगडी, डॅशबोर्डवर मेणबत्ती,
काचेवर तिच्या उबेने तळहाताएवढा रस्ता.
चौथ्या वर्षी शाळेची बस भंगारात निघाली,
तिचा हीटर त्याने मागून आणला,
छिन्नीने चार भोकं पाडली आणि बसवला.
“पाय भाजायचे,” लेम्पी हसली, “आणि कान गोठायचे.
अजून आहे का तो?”

मी खिडकीकडे पाहिलं.
ते बेढब, हिरवं धूड
कुणा अडाण्याची करामत म्हणून मी काढून टाकलं होतं,
बाकाखाली, गंजक्या सायलेन्सरांच्या शेजारी.
जुलैत परीक्षक येणार, हातात पाटी, कानाला पेन्सिल.
कारखान्याच्या कागदाबाहेरचा एकेक स्क्रू म्हणजे एकेक गुण वजा.
भोकं बुजवायला वेल्डरला बयाणाही देऊन ठेवलेला.

“आहे,” म्हणालो.
“चालतो?”
ते मी पाहिलंच नव्हतं.

त्या रात्री गॅरेजमध्ये, बाहेर उणे एकोणतीस,
बाकाखालून तो ओढून काढला,
दोन वायरी खरवडल्या, बॅटरीला टेकवल्या.
आधी काहीच नाही.
मग आत कुणीतरी खाकरल्यासारखं झालं,
पंख्याने अर्धा फेरा घेतला, अडला, पुन्हा घेतला,
आणि माझ्या तोंडावर आली
धूळ, एक वाळकी गांधीलमाशी,
आणि लोकरीचं एक बोट, लाल,
कुठल्याशा लहान हातमोज्याचं.

वेल्डरचा फोन वाजत होता. वाजू दिला.